किती पाणी चढलं की निघायचं, हे उन्हाळ्यातच ठरवा

प्रश्न : ताई, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला पुन्हा तेच. मी गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. २०१९ ला ट्रकच्या ट्रक मदत आली, पण वाटपात भांडणं झाली. काही घरांत पाच-पाच किट गेले, वस्तीवरच्या लोकांना एकही नाही. त्यावरून गटातल्या दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. सासूबाई घर सोडायला तयार नसतात. ‘नदी उंबऱ्याला पाय लावून परत जाते,’ म्हणतात. मालक म्हणतात, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं बुडवायचं ठरवलंय, तिथं आपण काय करणार. मुलगा आता सहावीत आहे. जोराचा पाऊस लागला की दप्तर उचलून माळ्यावर ठेवतो आणि रात्री झोपत नाही. पावसाळ्याच्या आत आम्ही बायकांनी नेमकं काय करावं?

उत्तर : ताई, तुम्ही हे पत्र पाऊस सुरू व्हायच्या आत लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. पाणी रस्त्यावर आल्यावर जो-तो आपापलं गाठोडं बांधण्यात असतो. त्या वेळी कुणाला सल्ला सुचत नाही आणि कुणी ऐकतही नाही.

आधी मालकांच्या बोलण्याचं. अलमट्टीचा वाद खोटा नाही आणि लहानही नाही. २०१९ च्या महापुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं अतिवृष्टी आणि पूररेषेतली बांधकामं यांकडे बोट दाखवलं. ते नदीकाठच्या अनेकांना पटलं नाही, आणि धरणातलं पाणी कधी किती सोडायचं यावरून दोन राज्यांत आजही बोलणी चालू असतात. तो लढा लढणाऱ्यांनी लढावा, तुमच्या मालकांनीही ग्रामसभेत जाऊन बोलावं. पण पाणी कुणामुळं आलं याचा निकाल लागेपर्यंत ते दारात थांबून राहत नाही. तुमची म्हैस, सासूबाईंच्या गोळ्या आणि मुलाचं दप्तर यांची सोय तुमच्याच हातात आहे.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे. घर कधी सोडायचं हा निर्णय पावसात घ्यायचा नाही. तो आत्ता, ऊन असताना, शांत डोक्यानं घ्यायचा आणि आकड्यात घ्यायचा.

२०१९ ला आपल्या भागात इतके लोक का अडकले, आठवून बघा. जवळपास प्रत्येक घरात एकच वाक्य होतं, ‘२००५ ला इथपर्यंत आलं होतं.’ त्या खुणेच्या वर लोकांनी धान्य ठेवलं, टीव्ही ठेवला, जनावरं बांधली आणि निर्धास्त बसले. पाणी ती खूण ओलांडून गेलं, तोवर रस्ता गेला होता, वीज गेली होती, मोबाइल बंद पडले होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. तिथं २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली. म्हणजे मागच्या पुराची खूण ही मागच्या पुराची असते, पुढचा पूर ती पाळेलच असं नाही.

तुमचा तालुका तर सगळ्या पाण्याच्या वाटेवर बसलाय. वारणा हरिपूरला कृष्णेत मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला, आणि खाली दूधगंगाही येऊन मिळते. म्हणून नुसत्या आपल्या घाटाकडं बघून भागत नाही. कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत, आयर्विनला किती फूट झालं, हे रोज बघायचं. गावात पाऊस थांबलेला असतो, ऊनही पडतं, आणि तरी पाणी चढत राहतं. ‘आता उघडलं’ म्हणून लोक जनावरं परत आणतात ती याच वेळी.

मग आकडा काढायचा कसा? गावातली जाणती माणसं बसवा. आयर्विनला किंवा राजाराम बंधाऱ्याला अमुक फूट असताना आपल्या गावात पाणी कुठं होतं, हे त्यांना पाठ असतं. कुणी सांगेल, इतके फूट झाले की मळीत पाणी येतं, इतके झाले की स्मशानभूमीचा रस्ता जातो, इतके झाले की शाळेच्या पायऱ्या बुडतात. ते वहीत उतरवून घ्या. सर्वांत महत्त्वाचा आकडा घरात पाणी येण्याचा नसून गावाबाहेर पडायचा शेवटचा रस्ता बंद होण्याचा असतो. त्या आकड्याच्या दोन-तीन फूट आधी म्हातारी माणसं, गरोदर बायका, तान्ही मुलं आणि जनावरं गावाबाहेर गेलेली असली पाहिजेत. मग तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दूध डेअरीवर, किराणा दुकानावर ठळक रंगवा. ज्या दिवशी तो गाठला जाईल त्या दिवशी चर्चा नको. ‘बघू, रात्रीत उतरेल’ म्हणणारा कुणीतरी असतोच. भिंतीवर आकडा लिहिलेला असला की त्याच्याशी वाद घालावा लागत नाही.

वेळ टळून गेल्यावर काय होतं, ते ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. पुरात अडकलेल्या गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट माणसं जास्त झाल्यानं उलटली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. आपल्याकडं पूर्वी गुऱ्हाळाची काहील होडीसारखी वापरायचे, आजही कुणी ते धाडस करतं. कृपा करून तो मार्ग धरू नका. बोटीत बसायची वेळ आलीच, तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि चालवणारा सांगेल त्यापेक्षा एकही माणूस जास्त घेऊन बसू नका. जागा संपली म्हणणाऱ्या माणसावर चिडू नका.

आता सासूबाई. त्यांना हट्टी समजू नका. त्यांनी आयुष्यभर पाणी येताना-जाताना बघितलंय. नृसिंहवाडीत दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक स्नानाला धावतात. कृष्णामाईकडं भीतीनं बघायचं त्यांच्या पिढीला कुणी शिकवलेलंच नाही. आणि म्हातारी माणसं ‘मी येत नाही’ म्हणतात तेव्हा आत वेगळी कारणं असतात. जनावरांना कोण बघणार, देव कुणाच्या हवाली करायचे, घर उघडं पडलं तर चोरी होईल, शाळेच्या खोलीत परक्या माणसांत लघवीला कुठं जायचं. हे शेवटचं कारण कुणी तोंडानं सांगत नाही, पण बहुतेकदा तेच सगळ्यांत मोठं असतं. एकेकाची सोय करा. त्यांना निवारा केंद्रात न नेता उंचावरच्या गावातल्या पाहुण्यांकडं ठेवता येईल का, ते आत्ताच बोलून ठेवा. ‘पूर आला तर आई आठ-पंधरा दिवस तुमच्याकडं येतील,’ असं मे महिन्यात सांगितलेलं पाहुण्यांनाही बरं पडतं. देव एका डब्यात घालून त्यांच्याच हातात द्या. म्हैस ज्या टेम्पोतून जाईल त्याच दिवशी त्याही निघतील असं ठरवा. जनावरं गेली की म्हाताऱ्यांचा निम्मा जीव तिकडं जातो, मग त्या अडून बसत नाहीत. आणि आकडा ठरवायच्या बैठकीला त्यांना मानानं बोलवा. कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जो आकडा त्यांनी स्वतः सांगितला, तो त्या मोडणार नाहीत.

जनावरांचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडं माणसं जनावरांपायी थांबतात आणि अडकतात. टेम्पोवाल्याशी आधीच बोलणं करून ठेवा, पाणी चढल्यावर भाडंही चढतं आणि गाडीही मिळत नाही. मुरघासाच्या पिशव्या किंवा कडबा उंचावरच्या जागी आधी पोचवा, कारण पुरानंतर कितीतरी दिवस ओला चारा मिळत नाही. गाळ बसलेला ऊस वा गवत घातलं तर जनावर आजारी पडतं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. कानातला बिल्ला आहे की पडलाय ते बघा, विम्यासाठी तो लागतोच. आणि काहीच करता आलं नाही, तर निदान दावं सोडा. २०१९ ला गोठ्यात बांधलेली जनावरं जागच्या जागी गेली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल.

घरातल्या पिशवीबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही दोनदा पूर काढलाय. आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, मुलाचा दाखला हे सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि प्रत्येकाचा फोटो गावाबाहेरच्या एका नातेवाइकाच्या मोबाइलवर. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट. टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, काडेपेटी, थोडी रोकड सुट्या नोटांत, पॅड, मीठ-साखर. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपण, आणि टाकी खिडकीच्या गजाला साखळीनं बांधून. भरलेली टाकीसुद्धा पाण्यात हलते आणि घरभर आपटत फिरते. रिकामी तर तरंगतच जाते.

आता तुमच्या गटाच्या भांडणाकडं येते. तुमच्या पत्रातली खरी जखम ती आहे असं मला वाटलं.

दोघींनी बोलणं टाकलं यात स्वभावाचा दोष कमी आणि व्यवस्थेचा जास्त. महापुरात मदत करणाऱ्या माणसांनी मन मोठं केलं होतं. पुण्या-मुंबईतून, मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांतूनसुद्धा भाकरी आल्या. पण ट्रक जिथं रस्ता सापडतो तिथं थांबतो. हायवेजवळच्या गावांत तीन-तीनदा वाटप झालं आणि आतल्या वस्त्या तशाच राहिल्या. ज्याच्या हातात यादी नाही, तो समोर दिसेल त्याला देतो. समोर येतो कोण? ज्याच्या घरात धडधाकट माणूस आहे तो. विधवा, अपंग, भाडेकरू, गुऱ्हाळावरचे आणि वीटभट्टीवरचे मजूर मागं राहतात, कारण त्यांचं रेशनकार्ड या गावचं नसतं.

म्हणून यादी आत्ता करा. गटातल्या बायकांइतकी घराघरांची माहिती तलाठ्यालाही नसते. रेशनकार्डाप्रमाणं करू नका, चुलीप्रमाणं करा. घरात माणसं किती, दूधपितं मूल आहे का, गरोदर कोण, इन्शुलिन कुणाला लागतं, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, जनावरं किती, घर मातीचं की पक्कं. वस्तीवरची प्रत्येक खोली त्यात आली पाहिजे, ती भाड्याची असली तरी. ज्या दोघी बोलत नाहीत, त्यांना दोन वेगवेगळ्या गल्ल्या द्या आणि शेवटी दोघींच्या याद्या एकत्र जुळवायला एकाच चटईवर बसवा. मी समेट घडवा म्हणत नाही. काम करता करता बोलावंच लागतं.

पूर आल्यावर ही यादी हाच तुमचा अधिकार. ट्रक घेऊन कुणी आलं की सांगायचं, ‘सामान ग्रामपंचायतीत किंवा देवळात उतरवा, आम्ही चिठ्ठीवर वाटतो.’ प्रत्येक चुलीला एक नंबर, नंबरासमोर काय मिळालं त्याची सही किंवा अंगठा. वही सगळ्यांना बघायला उघडी ठेवायची. वाटपाची सुरुवात गावाच्या लांबच्या टोकाकडून करायची आणि गटाच्या पदाधिकाऱ्यांची घरं शेवटी. हे एवढं पाळलं तरी निम्मी तोंडं बंद होतात.

आणि काय पाठवायचं तेही तुम्हीच सांगा. बाहेरगावी बसलेल्या माणसाला काय लागतं ते कळत नाही, म्हणून तो जुने कपडे पाठवतो. २०१९ ला ते ढीग ओले होऊन कुजले, आणि नंतर ते उचलायचं काम गावालाच लागलं. पहिल्या दोन दिवसांत पाणी, शिजवलेलं किंवा कोरडं खाणं, औषधं, बाळाचं दूध. त्यानंतर मात्र माणसाला घमेली, फावडी, खराटे, बादल्या, फिनेल, ब्लीचिंग पावडर, ताडपत्री, गमबूट, हातमोजे, मच्छरदाण्या, सतरंज्या आणि नव्या कोऱ्या वह्या लागतात. एक फोन नंबर ठरवा, एकच बाई बोलेल असं ठरवा, आणि दर दोन दिवसांनी ‘आता हे हवंय, हे नको’ असा निरोप सगळीकडं पाठवा. नको असलेली वस्तू नम्रपणे नाकारायला लाजू नका. आणि किट घेताना प्रत्येक बाईचा फोटो काढायचा आग्रह कुणी धरला, तर सामानाचा आणि वहीचा फोटो द्या. हात पसरलेल्या बाईचा फोटो देणं बंधनकारक नाही, ती तिच्या इच्छेनं देत असेल तरच.

पाणी उतरल्यावरचे पहिले दिवस फार फसवे असतात, त्याबद्दल नीट सांगते. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरून ऊन लागलं की पडतात. म्हणून घरात शिरण्याआधी बाहेरून भिंत बघा, पोट आलंय का, तडा गेलाय का. कच्च्या घरात लगेच झोपू नका. शिरताना काठी हातात असू द्या, कारण घोणस, नाग, मण्यार यांनाही कोरडी जागा हवी असते आणि ती तुमच्या माळ्यावर, गाद्यांत, लाकडांच्या ढिगात असते. चावा झाल्यास मांत्रिक, कापणं, चोखणं काही नको. माणसाला कमीत कमी हलवत १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालयात न्या, सापाच्या विषावरची लस तिथं असते. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका. पाण्यात गेलेली मोटर, फ्रिज, दुचाकी ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करू नका, ते हमखास जळतं.

गाळ काढायला पाणी पूर्ण आटायची वाट बघू नका. उतरत्या पाण्याबरोबरच खराट्यानं गाळ बाहेर ढकला. वाळला की तो दगडासारखा बसतो आणि दुप्पट कष्ट पडतात. पण त्याआधी एक काम. भिंतीवरची पाण्याची रेघ धुवायच्या आत तिचा फोटो काढा. रेघ, घरातलं भिजलेलं सामान, पडलेली भिंत, दारावरचा घर नंबर, सगळं. पंचनामा करायला तलाठी आणि ग्रामसेवक येतात तेव्हा घर पुसून लख्ख झालेलं असतं आणि मग ‘पाणी कुठं आलं होतं?’ असं विचारलं जातं. जनावर दगावलं असेल, तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून पंचनामा करून घ्या. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत बसते, आणि त्यासाठी खात्याची ई-केवायसी लागू शकते, ती आत्ताच बघून ठेवा. पंचनाम्याची प्रत मागा आणि आपलं नाव यादीत आहे की नाही हे चावडीवर जाऊन स्वतः वाचा.

पाण्याच्या बाबतीत तुमच्या गावचा जलसुरक्षक, म्हणजे पाणी शुद्ध ठेवायची जबाबदारी असलेला माणूस, कोण, हे गटातल्या प्रत्येकीला माहीत हवं. विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की नाही, नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघणारी ओटी टेस्ट केली की नाही, हे त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पुरानंतर पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळून प्या किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, घ्या. जुलाब लागले तर ओआरएस. ते नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. चिखलात उतरून काम करणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय उतरू नये. घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका असतो, ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं की अंगावर काढू नका, आरोग्य केंद्र गाठा.

एक गोष्ट बहुतेक गटांना सांगितलेली नसते. ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराच्या विम्याची पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. पूर त्यात धरलेला आहे, आणि घराचा विमा काढला की घरातल्या सामानालाही ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण मिळतं. पाणी दारात आल्यावर विमा मिळत नाही. चौकशीला बँकेत दोघी-तिघी मिळून जा. गटाच्या बचतीतून दरमहा थोडी रक्कम पुरासाठी वेगळी ठेवा आणि ती कर्जाला वापरायची नाही असा ठराव वहीत लिहून घ्या.

शेवटी तुमचा मुलगा. तो दप्तर माळ्यावर ठेवतो यात काही वेडेपणा नाही, घरात नीट तयारी करणारा तोच आहे. ‘काही होत नाही, झोप’ म्हणून त्याला गप्प करू नका, दोनदा झालंय हे त्याला ठाऊक आहे. भिंतीवरचा आकडा त्याला समजावून सांगा. पावसाळ्यात आयर्विनची आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून संध्याकाळी फळ्यावर लिहायचं काम त्याच्याकडं द्या. त्याची स्वतःची पिशवी त्याला भरू द्या, आजीबरोबर तो कुठं जाणार, शाळा बुडाली तर कुठं शिकणार, हे सगळं सांगून ठेवा. ‘अजून अकरा फूट बाकी आहेत,’ हे त्यानं स्वतः वाचलं की त्याला झोप लागायला सोपं जाईल. तरीही रात्री दचकणं, जेवण तुटणं, अंथरूण ओलं होणं चालूच राहिलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो. तो नंबर तुमच्यासाठीही आहे, कारण पत्रात मुलाच्या झोपेबद्दल लिहिलंत, तुमच्या झोपेबद्दल नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ त्याच कागदावर लिहा आणि कागद फ्रिजला न लावता माळ्याच्या तुळईला, वरच्या बाजूला चिकटवा.